साठ घरं फिरणाऱ्या कादंबरीसाठी : मराठी प्रकाशक-संपादकांना सोलापूरहून खुलं पत्र

प्रति,
मराठी कादंबऱ्या काढणारे प्रकाशक, त्यांचे संपादक आणि अक्षरजुळणीपासून बांधणीपर्यंतची सगळी मंडळी यांस

विषय : मैत्री आणि घर यांवरची येऊ घातलेली नवी कादंबरी

स. न. वि. वि.

वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीशी सध्या एकच विचारणा आहे : "ती दोन मैत्रिणींची नवी कादंबरी आली का हो?" नाव कुणालाच धड आठवत नाही. जाहिरातीतले 'मैत्री' आणि 'कुटुंब' हे दोन शब्द डोक्यात बसलेले असतात, फार तर मुखपृष्ठाचा रंग. तेवढ्यावर माणसं आगाऊ नाव लावून जातात. वाट बघणारे इतके असताना पुस्तक यंत्रावर चढायच्या आत चार गोष्टी कानावर घातलेल्या बऱ्या. एकदा छापून, बांधून आलं की आमच्या हातात डिंक आणि कापडी पट्टी एवढंच उरतं.

आम्ही म्हणजे सोलापुरातल्या वाचनालयांत पुस्तकं देणारे-घेणारे, फाटलेली पुस्तकं पुन्हा बांधणारे आणि मुद्रितं तपासणारे. कादंबरी कशी लिहावी हे लेखकाला सांगायचा आमचा अधिकार नाही. पुढे दोन-तीन ठिकाणी तरीही सांगितलं आहे, ते पोटात घालावं.

आधी एका प्रतीचं गणित. पंधरा दिवसांची मुदत धरली तर एक प्रत वर्षात २४ जणांच्या हाती जाते, तीही प्रत्येकाने वेळेवर परत केली तर. साठ जणांनी नाव लावलं असेल तर साठाव्याचा नंबर अडीच वर्षांनी. शिवाय मैत्रीच्या कादंबरीची एक खोड असते. नेणारी ती आधी मैत्रिणीला देते, मैत्रीण जावेला देते. आमच्या नोंदवहीत एकच नाव आणि पुस्तक तीन घरं हिंडून आलेलं. म्हणून सांगतो, तुम्ही पुस्तक छापता एका ग्राहकासाठी, आणि आमच्याकडे ते साठ घरांसाठी येतं. त्या साठ घरांत ते उशाखाली जातं, स्वयंपाकाच्या ओट्यावर पालथं पडतं, शेंगाचटणीचं तेल लागलेल्या बोटांनी उलटलं जातं.

ते पालथं ठेवणंच बांधणीचा जीव घेतं. आजकाल बहुतेक कादंबऱ्यांची बांधणी चिकटवलेली असते. घड्या केलेले फॉर्म, म्हणजे पानांच्या जुड्या, एकावर एक रचायचे, पाठ तासून खरबरीत करायची, त्यावर गरम गोंद आणि वर कव्हर. काम झटपट होतं, स्वस्त पडतं. पण सोलापूरचा मे महिना ४२-४३ अंशांचा. मालमोटारीच्या टपावर, पत्र्याच्या गोदामात, खिडकीलगतच्या कपाटात उष्मा त्याहून जास्त. त्यात हा साधा गोंद नरम पडतो, पाठ किंचित सरकते, पुढे थंडीत तोच गोंद कडक होऊन ठिसूळ होतो. डिसेंबरात कुणी पुस्तक मधोमध सपाट उघडलं की 'कट्ट' असा आवाज येतो. तो आवाज आला की समजावं, आठवडाभरात पान निखळणार. पहिलं पान निखळतं ते कधी सुरुवातीचं नसतं. जिथं वाचणाऱ्याने थांबून पुस्तक पालथं ठेवलं, तिथलंच, म्हणजे नेमकं रंगात आलेलं.

यावर उपाय आहेत आणि ते तुमच्या बाइंडरला पाठ आहेत, फक्त त्याला कुणी विचारत नाही. पहिला उपाय जुजबंदीचा : सोळा-सोळा पानांचा फॉर्म घडीतून दोऱ्याने शिवायचा, सगळे फॉर्म एकमेकांत ओवायचे, मग पाठीला गोंद. ज्या पुस्तकाला पन्नास हात लागणार, त्याला याहून चांगलं काही नाही. ते परवडत नसेल तर पीयूआर (पॉलियुरेथेन) जातीचा गोंद वापरा. तो एकदा पक्का झाला की उन्हाने वितळत नाही आणि थंडीत तडकतही नाही. मात्र त्याला पक्कं व्हायला जवळजवळ दिवसभर लागतो. आज बांधलं, संध्याकाळी गठ्ठा बांधून गाडीत टाकलं, असं केलं तर महाग गोंदाचा पैसा वाया. आणि कुठलाही गोंद वापरलात तरी बाहेर काढायच्या आधी दहा-बारा प्रतींची परीक्षा घ्या : मधलं एक पान धरून सरळ वर ओढायचं. कागद फाटला पण पान पाठीतून सुटलं नाही, तर बांधणी पास.

कागदाच्या तंतूंची दिशा पाठीला समांतर हवी, ही दुसरी गोष्ट. आडवी असली की पुस्तक हातात उघडं राहत नाही, अंगठा काढला की मिटतं, आणि पावसाळ्यात पानांच्या कडेला लाटा येतात. ताव वाचवण्यासाठी कागद फिरवून लावला जातो हे आम्हाला ठाऊक आहे. बघायला सोपं आहे. कोऱ्या पानाची पट्टी उभी फाडा आणि आडवी फाडा. ज्या बाजूने सरळ फाटते ती तंतूंची दिशा.

आता बाइंडरच्या बाजूने एक विनवणी, कारण हे सांगायला दुसरं कुणी येणार नाही. वाचनालयातलं पुस्तक खिळखिळं झालं की आम्ही ते पुन्हा बांधतो. जुना गोंद काढायला पाठीचा दोन-तीन मिलिमीटर भाग कापावा लागतो. नंतर कडेपासून सहा-सात मिलिमीटरवर भोकं पाडून आरपार दोरा घालतात. म्हणजे शिवणीकडची जवळजवळ दहा मिलिमीटर जागा गेली. तुम्ही आतला समास बारा मिलिमीटरचा ठेवला असेल तर उरले दोन. त्यानंतर प्रत्येक ओळीचं पहिलं किंवा शेवटचं अक्षर शिवणीत जातं आणि वाचणारा पुस्तक दोन्ही हातांनी चिरडत बसतो. आतला समास २२ मिलिमीटर ठेवा. बाहेरचा १५ चालेल. डेमी आकाराच्या १४० मिलिमीटर रुंदीत मजकुराला १०३ उरतात, आणि तेवढे भरपूर आहेत.

समास वाढवला की पानं वाढतात, खर्च वाढतो, हे उत्तर ठरलेलं आहे. म्हणून हिशेबच मांडतो. कादंबरी ८०,००० शब्दांची धरा. १३ पॉइंटचं अक्षर, ओळींमध्ये १८ पॉइंटचं अंतर, तर डेमीच्या पानावर २८ ओळी बसतात. ओळीत साडेनऊ शब्द धरले तर पानाला २६६ आणि पुस्तक ३०१ पानांचं. पुढची-मागची पानं धरून ३२० पानी, म्हणजे २० फॉर्म. याच मजकुराच्या ओळी २८ ऐवजी ३४ केल्या की काम २५६ पानांत, १६ फॉर्मांत बसतं. चार फॉर्म वाचले. हा मोह आम्हाला समजतो. पण मराठीचं अक्षर इंग्रजीसारखं एका पट्टीत बसणारं नाही. वर वेलांटी, रफार, मात्रा. खाली उकार, ऋकार. ३४ ओळींत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन टेकतो. साठी ओलांडलेले वाचक अशा पुस्तकाची वीस पानं वाचतात आणि "डोळे दुखतात" म्हणून परत करतात. दुपारी कपाटापुढे सगळ्यात जास्त वेळ थांबणारे वाचक तेच असतात. शिवाय दोस्तीची कादंबरी म्हटली की संवाद आले, दोन-तीन शब्दांच्या ओळी आल्या. तेव्हा पानं अंदाजापेक्षा वाढणारच. ती वाढू द्या. दोन खंड मात्र करू नका. दुसरा खंड कपाटात आणि पहिला कुणाच्या तरी माहेरी, हा प्रकार कायमचा आहे.

घराण्याची कादंबरी असली की हल्ली सुरुवातीला वंशवृक्ष देतात. चांगली गोष्ट आहे. पण तो कव्हरच्या आतल्या बाजूला किंवा पहिल्याच कोऱ्या पानावर छापू नका. त्या जागा आमच्या आहेत. तिथं तारखांची चिठ्ठी चिकटते, खिसा चिकटतो, शिक्का आणि दाखल क्रमांक पडतो. पणजोबांच्या डोक्यावर "पुस्तक वेळेवर परत करावे" असं चिकटवलेलं आम्ही पाहिलं आहे, आणि ते आमच्याच हातचं होतं. वंशवृक्ष शीर्षकपानानंतर, डाव्या पानावर एकटा छापा. दोन पानांवर पसरवलात तर मधली पिढी शिवणीत जाते. आणि ज्याचं मरण कथेच्या शेवटी आहे, त्याच्या नावापुढे मृत्यूचं साल देऊ नका. हे सांगायची वेळ यावी याचं नवल वाटतं, पण येते. मलपृष्ठावरच्या मजकुराचंही तेच. दोघी मैत्रिणी शेवटी एकमेकींशी बोलतात की नाही हे तिथंच छापलं तर ३२० पानांचं करायचं काय?

आता भाषेकडे येतो. इथं जरा जास्त वेळ घेणार आहे.

सोलापूरच्या एका गल्लीत, कधी कधी एकाच वाड्यात, मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या चार बोलण्यांची घरं असतात. इथली दोस्ती चारही ओलांडून होते. त्यामुळे कादंबरी सोलापुरातली असो वा नसो, आमचा वाचक नात्याचे शब्द फार बारकाईने वाचतो. संपादक मात्र सगळ्या अव्वा, अम्मा आणि अम्मी यांची सरसकट 'आई' करून टाकतो. तिथं घर पुसलं जातं. 'अव्वा' म्हटलं की कन्नड घर, 'अम्मा' आणि 'नायना' म्हटलं की शहराच्या पूर्व भागातलं तेलुगू पद्मशाली घर, हे आमच्या वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही. 'अन्ना' आणि 'अण्णा' यांत तर एका अक्षराचा फरक आहे. तेलुगू घरातला थोरला भाऊ 'अन्ना', कन्नड घरातला 'अण्णा', आणि मराठी घरातला 'अण्णा' कधी भाऊ, तर कधी चक्क वडील. मुद्रितशोधकाने सवयीने न चा ण केला की पात्राची मातृभाषा बदलते.

याहून भारी उदाहरण 'अत्ता'. तेलुगूत आत्येलाही अत्ता आणि सासूलाही अत्ताच. आता पुढचं वाक्य बघा : "अत्ता आली, दार उघड." तपासणारा नवखा असला की तो 'आत्ता आली, दार उघड' करतो. सासू गेली, वेळ आली. वाक्य व्याकरणाने शुद्ध असल्यामुळे ही चूक दुसऱ्या मुद्रितातही सापडत नाही आणि तिसऱ्यातही नाही. उपाय एकच : अक्षरजुळणीला पाठवण्याआधी लेखकाकडून नात्याच्या शब्दांची यादी घ्या. शब्द, कोण कुणाला म्हणतं, आणि कुठल्या घरात. एक पान पुरतं. ते मुद्रितशोधकाच्या टेबलावर असू द्या. शुद्धलेखनाचे नियमही पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला आडवे येत नाहीत. अडथळा नियमांचा नसतो, सवयीचा असतो.

आत्येला आणि सासूला एक शब्द का, याचं उत्तर लग्नांत आहे. आत्येच्या मुलाशी, मामाच्या मुलीशी लग्नं होतात. तेलुगू आणि कन्नड घरांत तर सख्ख्या मामाशी भाचीचं लग्नही होत आलं आहे. मग आईची आई तीच सासू. अशा घरात सून रुसून माहेरी जाते म्हणजे नेमकी कुठे जाते? तिचं माहेर आणि सासर यांच्यामध्ये उंबरा एवढाच असतो. कुटुंबावरच्या कादंबरीला याहून मोठा ऐवज कुठला हवा! पण वंशवृक्ष काढणारा चित्रकार सरळ रेघांचा झाड-फांद्या नमुना घेतो, आणि इथली रेघ फिरून वर जाते. त्याला आधी सांगा.

मैत्रीचा शब्द त्या मानाने छोटा आहे : 'बे'. "कुठं जालालास बे?" हे दोन बरोबरीचे बोलतात. बापाला नाही, थोरल्या भावाला नाही, नव्या ओळखीच्या माणसाला तर नाहीच. लेखक सोलापूरचा रंग आणायला प्रत्येक वाक्याला बे लावतो, तेव्हा आमच्याकडे वाचक हसतो. बे कुठं गळतो ते खरं बघायचं. दोन दोस्तांचं बिनसलं की आधी बे जातो, मग 'तू' जातो, आणि "तुम्ही या की कधीतरी घरी" असं ऐकू आलं की समजावं, संपलं. पानभर वर्णनापेक्षा ते 'तुम्ही' जास्त लागतं. संपादकाने ते चुकून 'तू' केलं की सगळं गेलं.

फाँट बदलताना होणारा घोळ थोडक्यात सांगतो. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेला की 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्य आणि ऱ्ह मोडतो, 'ॲ' चा 'अॅ' किंवा नुसता 'अ' होतो, आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. बदल करून झाल्यावर हे शब्द एकेक शोधून बघायला अर्धा तास पुरतो. तेवढा अर्धा तास कुणी देत नाही, म्हणून ३२० पानांत 'दुस-या' छापलं जातं.

कादंबरी सोलापुरात घडणार असेल तर दोन-तीन गोष्टी तपासून घ्या. यंत्रमागाच्या शेडमध्ये दोन मित्र शांतपणे आयुष्यावर बोलत बसत नाहीत. तिथं इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या खडखडाटात शेजारच्याचा आवाजही येत नाही. ओठ आणि हात बघून समजून घ्यावं लागतं. धोट्यातली सुताची कांडी संपली की माग थांबतो, रिकामी कांडी काढून भरलेली घालायची, दोरा ओवायचा, माग पुन्हा सुरू. बोलणं झालंच तर त्या तेवढ्यात, आणि तेही शेजारचा माग चालूच असताना. तेव्हा शेडमधला संवाद कांडीच्या मापाचा हवा. लांब बोलणं बाहेर चहाच्या गाड्यावर. ताण्याचं, म्हणजे उभ्या सुताचं, नवं बीम चढलं की जुन्या ताण्याच्या प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला नव्याचं टोक पीळ देऊन जोडत बसायचं, शेकडो वेळा. ते काम मात्र माग बंद ठेवून, मान खाली घालून, शांततेत चालतं. मनातलं बोलायचं असेल तर पात्रांना तिथं बसवा. आणि वाटणीची भांडणं लिहायची तर जमिनीचीच कशाला? चार माग आणि तीन भाऊ असले की चौथ्या मागावर अख्खी कादंबरी उभी राहते.

विड्या वळणाऱ्या दोघी मैत्रिणी दाखवायच्या असतील तर मजुरी हजार विड्यांवर असते, दिवसावर नाही. पान भिजवायचं, साच्यावर ठेवून कातरीने कापायचं, तंबाखू घालून वळायचं, दोरा बांधायचा, तोंडं मुडपायची, आणि पंचवीस-पंचवीसचे कट्टे करायचे. हे सगळं बोलता बोलता होतं, कारण कान आणि तोंड मोकळं असतं. पण विड्या जमा करायच्या रांगेत, कारखान्याचा माणूस कट्टा उलगडून नापास विड्या बाजूला काढत असताना, कुणी बोलत नाही. मैत्रीची परीक्षा त्या रांगेत होते : कमी पडलेल्या विड्या आपल्यातल्या द्यायच्या की नाही.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेशिवाय सोलापूरची कादंबरी पुरी होत नाही असं दिसतं. मग क्रम तरी बरोबर ठेवा. जानेवारी, संक्रांतीचे दिवस. आधी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम, मग शोभेचं दारूकाम. नंदीध्वज सात. पूर्व भागातलं घर असेल तर नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव आणि नवरात्रातली बतुकम्मा, तेलुगू बायकांचा फुलांचा सण, विसरू नका. आणि कृपा करून मुखपृष्ठावर चादर नको. सोलापूर म्हटलं की चादर, हे तुमच्या चित्रकाराला सुचण्याआधी सगळ्यांना सुचून झालं आहे.

आता तारखा आणि पैसा. पुस्तक 'आगामी' म्हणून जाहीर होतं, प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे घेतले जातात, आणि तारीख दिवाळीहून संक्रांतीवर, तिथून पाडव्यावर जाते. वाचकाला ते फार तर कंटाळवाणं वाटतं, वाचनालयाला अडचणीत आणतं. आमचं खरेदीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणाऱ्या वाचनालयाला त्या आधी पुस्तक हातात, बिल फायलीत आणि दाखल नोंद वहीत लागते. पैसे भरले आणि पुस्तक एप्रिलात आलं, तर तपासणीला उत्तर आम्ही द्यायचं. छपाईची तारीख बाइंडरकडून पक्की झाल्याशिवाय जाहिरात करू नका, एवढंच.

दिवाळीच्या तोंडावरही काढू नका. त्या दिवसांत आमचा वाचक दिवाळी अंकांत असतो. अंकांची योजना वेगळी, वर्गणी वेगळी, आणि महिना-दीड महिना कादंबरी कपाटातून हलत नाही. जानेवारीचा मधला काळ गड्ड्यात जातो. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर, नाहीतर जून-जुलै, हे बरे दिवस. पुण्या-मुंबईत प्रकाशन झाल्यावर इथं पुस्तक यायला महिना का लागावा, हेही कळत नाही. पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर आहे. १९४१ आणि २००६ अशी दोन साहित्य संमेलनं या गावाने भरवली आहेत, म्हणजे वाचक इथं नाही असंही नाही.

सदोष प्रतींबद्दल आमची जुनी तक्रार आहे, आणि ती कुणा एकाची नाही. बांधताना एक फॉर्म दोनदा लागतो आणि पुढचा राहतो. मग १२९ ते १४४ पानं दोनदा येतात आणि १४५ ते १६० गायब. वाचक आणून दाखवतो तोवर प्रतीवर शिक्का आणि दाखल क्रमांक पडलेला असतो, आणि विक्रेता म्हणतो, शिक्का मारलेलं परत घेत नाही. प्रत्येक फॉर्मच्या घडीवर एक जाड खूण एकेक पायरी खाली सरकवत छापली की बांधायच्या आधी पाठीकडे बघूनच चूक दिसते. जिन्याची पायरी तुटलेली असते. आता आम्हीही शिक्क्याआधी दर सोळाव्या पानावर नजर टाकतो. तरी एखादी सुटलीच, तर शिक्क्यासकट बदलून द्या. चूक तुमच्या टेबलावरची आहे.

शेवटी आवाजी आवृत्तीबद्दल. ज्यांचे हात कामात गुंतलेले आणि कान मोकळे असतात, ते ही कादंबरी ऐकतील. मिनिटाला १२० शब्दांच्या बेताने ८०,००० शब्दांना अकरा तास लागतात. प्रकरणं अडीच-तीन हजार शब्दांची असली तर वीस-पंचवीस मिनिटांत एक होतं. वाचणाऱ्याला 'अन्ना' आणि 'अण्णा' यांतला फरक तोंडाने दाखवता आला पाहिजे, म्हणजे वर म्हटलेली यादी त्यालाही द्या.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपले,
सोलापुरातल्या वाचनालयांच्या देवघेव विभागातले काहीजण, एक बाइंडर आणि दोन मुद्रितशोधक

ता. क. : पुस्तकाच्या पाठीवर लेखकाचं नाव अगदी तळाशी छापू नका. खालची दीड इंच जागा आमच्या क्रमांकाच्या चिठ्ठीला लागते, आणि तिच्याखाली गेलेली कितीतरी नावं आमच्या कपाटात आहेत. गठ्ठा पाठवताना वर-खाली पुठ्ठा घालून मग सुतळी बांधा. नुसती सुतळी कव्हरच्या कडेला चर पाडते, आणि नव्या कादंबरीला पहिला वाचक मिळायच्या आधीच चिकटपट्टी मिळते.